इजिप्तला जाते ते म्हशीचे मांस; त्याला गोमांस म्हणू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर इजिप्तमधील महागाईविषयी एक छोटी बातमी आली होती. कैरोत मांसाचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले असून तेथील गोरगरीब भारतातून येणाऱ्या स्वस्त गोठवलेल्या मांसावर भागवत आहेत, असा तिचा आशय होता. आशयाविषयी माझी तक्रार नाही, उलट असा विषय आपण छापलात याचा आनंदच झाला. परंतु मथळ्यात एकदा आणि मजकुरात दोनदा या मांसाला 'भारतीय गोमांस' म्हटले आहे, आणि ते साफ चुकीचे आहे. भारतातून इजिप्तला जाते ते म्हशीचे, हाडे काढलेले, गोठवलेले मांस. गाय, बैल आणि वासरू यांच्या मांसाच्या निर्यातीला आपल्या देशाच्या निर्यात धोरणात बंदी आहे. म्हशीचे मांससुद्धा हाडासकट पाठवता येत नाही.

चूक कशी झाली असावी याचा अंदाज करता येतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीत म्हशीचे मांसही 'बीफ' याच सदरात मोजले जाते, आणि त्यामुळेच जगातील मोठ्या 'बीफ' निर्यातदार देशांत भारताचे नाव वरच्या क्रमांकांत दिसते. इंग्रजी वृत्तसंस्था तोच शब्द उचलतात. रात्री घाईने मराठी करणारा उपसंपादक 'बीफ' म्हणजे गोमांस असे धरून चालतो. इंग्रजी वाचकाचे त्यात फारसे बिघडत नाही, पण मराठी वाचकाच्या मनात त्या एका शब्दाने केवढे वादळ उठते हे आपणांस मी सांगायला नको.

मी चोपडा तालुक्यातला शेतकरी आहे. कापूस, थोडी केळी आणि दावणीला कधी चार, कधी सहा म्हशी, हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा प्रपंच आहे. गावच्या दूध सोसायटीचा सचिव म्हणून मी अनेक वर्षे काम पाहिले. म्हशीचा हिशेब नोकरदाराला समजावून सांगावा लागतो, म्हणून थोडक्यात सांगतो. म्हैस पाच-सहा वेतांपर्यंत चांगले दूध देते, पुढे दूध आटत जाते, गाभण राहणे लांबते आणि एक दिवस ती भाकड म्हणून उभी राहते. ढेप, दादर ज्वारीचा कडबा आणि हिरवा चारा तिला तेवढाच लागतो, दूध मात्र नसते. अशी म्हैस विकून जे पैसे हाती येतात त्यांत उरलेल्या पैशांची भर घालून नवी दुभती म्हैस आणायची, हा दुधाच्या धंद्याचा पाया आहे. आज चांगली दुभती म्हैस लाखाच्या घरात गेली आहे. भाकड म्हशीचे तीस हजार आले तर शेतकरी सत्तर हजारांचे कर्ज काढतो आणि वीसच आले तर ऐंशीचे काढतो. मधले दहा हजार म्हणजे लहान गोठ्यातल्या दुधाची दोन-तीन महिन्यांची शिल्लक असते. वर्षानुवर्षे पोसलेले जनावर विकताना घरातल्या बायका त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावतात आणि पाठ फिरवतात, हेही मी पाहिले आहे. विकण्यात कोणाला हौस नसते.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी माझी एक भाकड म्हैस बाजारात नेली. महिनाभर आधी तशाच जनावराला शेजाऱ्याला अठ्ठावीस हजार मिळाले होते. हेडीने, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याने, उपरण्याखाली माझा हात धरला, बोटे दाबून भाव सांगितला आणि एकवीस हजारांवर थांबला. मी हात सोडवून घेतला तेव्हा तो अहिराणीत म्हणाला, ''भाऊ, तठे माल उठी नही ऱ्हायना.'' (तिकडे मालाला उठाव नाही.) तठे म्हणजे कोठे, असे मी विचारले, तर त्याने नुसते 'मिसर' म्हणून सांगितले. आमच्याकडे जुनी माणसे इजिप्तला मिसरच म्हणतात. तो खरे बोलत होता की भाव पाडण्यासाठी बहाणा करत होता, हे त्या दिवशी मला कळायला मार्ग नव्हता. कापसाचा भाव मला आपल्या दैनिकात मिळतो, केळीचा मिळतो, सोन्याचा तर पहिल्या पानावर मिळतो. पण माझ्या म्हशीचा भाव ज्या दूरच्या बाजारावर टांगलेला होता त्याची एक ओळही कोठे मिळाली नाही. म्हैस मी एकवीस हजार पाचशेला दिली.

त्यानंतर मी या विषयाचा जमेल तसा अभ्यास केला. तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो, कारण आपल्या बातमीत भाव वाढल्याचे होते, तो का वाढला हे नव्हते.

इजिप्तची लोकसंख्या दहा कोटींच्या वर आहे, आणि नाईल नदीचा चिंचोळा पट्टा व तिचा त्रिभुज प्रदेश सोडला तर बाकी देश वाळवंट आहे. त्यामुळे चाऱ्याला जमीन थोडी. तेथील शेतकरी बरसीम घास पिकवतो. हे पीक आपल्या देशातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथूनच आले. जनावरे आणि कोंबड्या यांच्या खाद्यासाठी लागणारा मका आणि सोयाबीन मात्र मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणावे लागते. गहूही तसाच. साहजिकच देशातले ताजे मांस महाग पडते आणि तूट भरून काढण्यासाठी ब्राझीलमधून आणि भारतातून गोठवलेला माल येतो. व्हिएतनाम आणि मलेशिया यांच्याबरोबर इजिप्त हा आपल्या म्हशीच्या मांसाचा मोठा ग्राहक आहे. सरकारी विक्री केंद्रांत, खानावळींत, कोफ्ता आणि पावात भरून भाजलेला हवावशी विकणाऱ्या गाड्यांवर हा माल खपतो. रमझानच्या आधी मागणी वाढते, हे आमच्या हेडींनाही ठाऊक असते.

हा सगळा व्यवहार डॉलरमध्ये होतो, आणि घोडे तेथेच अडले. २०२२ च्या मार्चपर्यंत एका डॉलरला सुमारे पावणेसोळा इजिप्शियन पौंड पडत होते. युक्रेनचे युद्ध सुरू झाले, गव्हाचे भाव भडकले, परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा काढून घेतला आणि पौंड टप्प्याटप्प्याने घसरू लागला. २०२३ च्या आरंभी डॉलर तीस पौंडांवर गेला. त्यानंतर वर्षभर सरकारी दर एकतीसच्या आसपास अडवून धरला होता, पण त्या दराने बँकेत डॉलर मिळेना आणि काळ्या बाजारात तो कितीतरी चढा होता. शेवटी ६ मार्च २०२४ रोजी मध्यवर्ती बँकेने दर मोकळा सोडला आणि डॉलर एका दिवसात पन्नास पौंडांच्या घरात गेला.

भारतीय म्हशीच्या मांसाचा निर्यातीचा सरासरी भाव गेली काही वर्षे किलोला तीन डॉलरच्या आसपास आहे. माल तोच, डॉलरमधला भाव तोच धरला तरी मार्च २०२२ पूर्वी आयातदाराला तो किलो सत्तेचाळीस पौंडांना पडत होता, एकतीसच्या दराने त्र्याण्णव पौंडांना पडला आणि मार्च २०२४ नंतर दीडशे पौंडांना. यात जहाजाचे भाडे, शीतगृहाचा खर्च, विमा आणि व्यापाऱ्याचा नफा अजून धरलेला नाही. म्हणजे आपल्या बातमीत 'भारतीय मांसही महागले' असे जे वाक्य होते ते खरे असले, तरी त्याचा अर्थ खानदेशातल्या किंवा उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्याला जास्त पैसे मिळाले असा मुळीच होत नाही. कैरोच्या बाईला मांस तिप्पट महाग पडले आणि त्याच काळात माझी म्हैस साडेसहा हजारांनी उतरली. पौंड घसरला त्याचा भार दोन्ही टोकांच्या माणसांवर पडला.

डॉलरच्या टंचाईचे परिणाम किती खोल गेले याचे एक उदाहरण खानदेशातल्या मका आणि सोयाबीन उत्पादकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात इजिप्तच्या बंदरांत खाद्याचा मका आणि सोयाबीन अडकून पडले, कारण ते सोडवून घ्यायला आयातदारांकडे डॉलर नव्हते. कोंबड्यांना घालायला दाणा उरला नाही, तेव्हा तेथील कुक्कुटपालकांनी पिल्ले मारून टाकली. पुढे चिकन महागले. चिकन महागले की ताज्या मांसावर ताण येतो, आणि गाई-म्हशींचे खाद्यही तेच असल्याने ते मांस दोन्ही बाजूंनी चढते. सप्टेंबर २०२३ मध्ये इजिप्तच्या शहरांतील महागाईचा वार्षिक दर ३८ टक्क्यांवर गेला. तो तेथील आजवरचा उच्चांक आहे. २०२४ साली सरकारी कर्मचाऱ्यांचे किमान वेतन दरमहा ६,००० पौंड करण्यात आले, म्हणजे दिवसाला दोनशे पौंड. त्याच सुमारास कैरोत देशी ताज्या मांसाचा किलोचा भाव चारशे पौंडांच्या आसपास होता. एका किलोसाठी दोन दिवसांची मजुरी. चार-पाच माणसांच्या घरात आठवड्याला एकदा जरी मांस शिजायचे असेल तर त्या घराला गोठवलेल्या भारतीय मालावाचून दुसरा आधार राहत नाही. इजिप्तमध्ये मांस हा केवढा भावनेचा विषय आहे ते पूर्वीही दिसले होते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये भाववाढीविरुद्ध लोकांनी मांस न घेण्याची मोहीमच चालवली होती.

त्यात समुद्राची भर पडली. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधील हुती बंडखोर तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले करू लागले. न्हावा शेवाहून निघालेले जहाज इजिप्तला पोहोचायचे तर सरळ वाट बाब-अल-मंडबच्या सामुद्रधुनीतूनच जाते. कित्येक जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, आणि ज्यांनी जुनी वाट सोडली नाही त्यांना विम्याचे चढे हप्ते भरावे लागले. गोठवलेल्या मालाचा कंटेनर निघाल्यापासून पोहोचेपर्यंत उणे अठरा अंशांवर ठेवावा लागतो. जहाज समुद्रात जितके दिवस जास्त तितके दिवस यंत्र चालू आणि पैसे जळत. हा खर्च निर्यातदार स्वतःच्या खिशातून घालतो असे कोणी समजू नये. तो थोडा पुढे कैरोकडे ढकलतो आणि बराचसा मागे, आमच्या बाजाराकडे ढकलतो. मागे ढकलणे त्याला सोपे जाते, कारण कैरोतला आयातदार डॉलरचा दर पाहून बोलतो आणि माझ्यासारखा शेतकरी कासरा हातात धरून, संध्याकाळच्या आत म्हैस घरी परत न्यावी लागेल या काळजीत उभा असतो.

या व्यापाराचा आणखी एक धागा थेट आमच्या गोठ्यापर्यंत येतो, तो म्हणजे लाळ्या खुरकूत. जनावरांचा हा संसर्गजन्य रोग देशातून गेलेला नाही. म्हणून मांसातून विषाणू जाऊ नये यासाठी हाडे आणि मांसातल्या लसिकाग्रंथी काढून टाकाव्या लागतात आणि त्याआधी मांस किमान चोवीस तास थंड खोलीत ठेवून त्याची आम्लता ठरलेल्या मर्यादेपर्यंत आली आहे की नाही हे तपासावे लागते. हाडासकट माल जात नाही याचे हेही एक कारण आहे. रोग असलेल्या देशाचा माल म्हणून आपल्याला भावही कमी मिळतो. केंद्र सरकारने २०१९ च्या सप्टेंबरात लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांवरील लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, त्यासाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०३० पर्यंत लाळ्या खुरकूत नाहीसा करण्याचे उद्दिष्ट ठेवले. गावात लस टोचायला माणूस आला की काही पशुपालक 'दूध कमी होते' म्हणून जनावरे शेतात पाठवून देतात. सोसायटीत असताना मी अशा घरांच्या अंगणात जाऊन हात जोडले आहेत. दोन दिवस लिटरभर दूध कमी होईल हे खरे, पण रोग आला तर म्हैस वेत घालवते, आणि रोग गेला तर जगाच्या बाजारात आपल्या मालाची पत वाढते. हे त्यांना कोणी आकड्यांसह सांगितलेलेच नसते.

खानदेशाला इजिप्त अगदीच परका आहे असेही नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशचा कापूस आणि नाईलकाठचा कापूस एकाच वेळी सोन्याच्या भावाने गेला. युद्ध संपले आणि दोन्हीकडचे शेतकरी एकाच वेळी कोसळले. त्या वेळी आमच्या पूर्वजांना भाव का चढला आणि का पडला हे सावकाराकडून कळत होते. आज आपल्यासारखी दैनिके गावोगावी पोहोचत असताना आम्हाला ते हेडीकडून कळावे, हे मनाला पटत नाही.

आता पुन्हा त्या शब्दाकडे येतो. इजिप्तमध्ये म्हैस परकी नाही. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात शेतकरी शतकानुशतके म्हशी पाळतात, तिला गामूसा म्हणतात, आणि तेथला खाटीक गाय-बैलाचे मांस व म्हशीचे मांस वेगळ्या नावांनी, वेगळ्या भावांनी विकतो. ज्या गिऱ्हाइकाला दोन्ही खाणे चालते ते गिऱ्हाईकसुद्धा हा भेद सांभाळते. महाराष्ट्रात तर हा भेद कायद्याचा आहे. २०१५ पासून आपल्या राज्यात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीवर तशी बंदी नाही, पण तपासणी होऊन दाखला मिळाल्याशिवाय तिचीही कत्तल करता येत नाही. अशा वेळी वर्तमानपत्राने म्हशीच्या मांसाला गोमांस म्हणणे म्हणजे कायदेशीर व्यवसाय करणाऱ्या माणसावर गुन्ह्याचा संशय टाकणे होते.

आपली बातमी आली त्याच दिवशी तिचे कात्रण आमच्या भागातल्या मोबाइलवरच्या गटांत फिरू लागले. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी तीन म्हशी घेऊन निघालेला एक टेम्पो काही तरुणांनी रस्त्यात अडवला. चालकाजवळ बाजाराची पावती होती, जनावरांचा दाखला होता, आणि आत म्हशी होत्या हे डोळ्यांना दिसत होते. तरीही सकाळी अकरापासून दुपारी साडेतीनपर्यंत टेम्पो उभा राहिला. मी स्वतः तेथे होतो. म्हशीला घाम फार येत नाही, ती उन्हात तापते, तिला पाणी आणि चिखल लागतो. तिन्ही म्हशी तोंड उघडून धापा टाकत होत्या आणि एकीच्या तोंडातून फेस गळत होता. शेवटी जवळच्या मळ्यातून पाइप ओढून आम्ही त्यांच्या अंगावर पाणी मारले. जनावरांविषयीच्या कळवळ्यापोटी अडवणाऱ्या त्या मुलांपैकी दोघे पुढे येऊन पाइप धरायला लागले, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांना कोणी नीट सांगितले असते तर टेम्पो कदाचित अडलाच नसता. पुढच्या बाजाराला बाहेरगावचे हेडी निम्म्याने कमी आले, आणि हेडी कमी आले की भाव काय होतो हे वेगळे सांगायला नको.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, भारतातून होणाऱ्या निर्यातीविषयी लिहिताना यापुढे 'म्हशीचे मांस' असाच शब्द वापरण्याची सूचना आपल्या संपादकीय विभागास द्यावी, आणि गेल्या आठवड्यातील चुकीची दुरुस्ती ज्या पानावर बातमी आली त्याच पानावर, दिसेल अशा अक्षरांत छापावी. दुसरी विनंती बाजारभावांच्या रकान्याविषयी आहे. कापूस, केळी, मका यांच्या शेजारी आठवड्यातून एकदा जिल्ह्यातल्या गुरांच्या बाजारातील दुभत्या आणि भाकड म्हशींचे भाव आपण दिलेत, आणि त्याखाली डॉलरच्या दोन दरांची, रुपयाच्या आणि इजिप्शियन पौंडाच्या, एक ओळ टाकलीत, तर त्या छोट्याशा जागेचा उपयोग आमच्यासारख्या हजारो पशुपालकांना होईल. भाव गोळा करायला माणूस नसेल तर आमच्या तालुक्याच्या बाजाराचे भाव दर आठवड्याला, त्याच दिवशी संध्याकाळी, विनामूल्य कळवण्याची जबाबदारी मी घेतो. येत्या महिन्यात माझी आणखी एक म्हैस आटणार आहे आणि तिला घेऊन मी त्या बाजारात जाणारच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक म्हैसपालक शेतकरी
चोपडा तालुका, जि. जळगाव